वारसाचेच नाव मालमत्तेच्या यादीत असेल तर?

खाडीकाठ (धागाकर्ता)

महिन्यापूर्वी स्वतःचे मृत्युपत्र करून घेण्यासाठी मी येथील एका वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. डावीकडचा रकाना मागे राहणाऱ्या माणसांचा, उजवीकडचा मागे राहणाऱ्या वस्तूंचा. डावीकडे दोन नावे लिहून झाली, उजवीकडे घर, गाडी, बँकेतील शिल्लक असे आठवून आठवून लिहू लागलो, आणि तेव्हा मनात आलेली एक गोष्ट अजून जात नाही. मी मेरीलँडमधील सॉल्सबरी येथे, चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो. दोनशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरचा एखादा कृष्णवर्णीय गृहस्थ, कोणाचाही गुलाम नसलेला आणि स्वतःच्या कष्टाचे घर असलेला, असाच कागद पुढे घेऊन बसला असता, तर आपल्या बायकोचे नाव त्याला कित्येकदा दोन्ही रकान्यांत लिहावे लागले असते.

गुलामगिरी संपण्यापूर्वी, १८६० च्या जनगणनेच्या वेळी, अमेरिकेत सुमारे ४ लाख ८८ हजार कृष्णवर्णीय माणसे कायद्याने स्वतंत्र होती. कोणी मालकाने मुक्त केलेले, कोणी वर्षानुवर्षे रात्रीची मजुरी साठवून स्वतःची किंमत मालकाला मोजलेले, कोणी स्वतंत्र आईच्या पोटी जन्मलेले. यातील शेवटचा प्रकार महत्त्वाचा आहे, कारण व्हर्जिनियाने १६६२ मध्येच कायदा केला होता की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. बाप कितीही स्वतंत्र, कितीही सुस्थितीत असला, तरी आई गुलाम असेल तर मूल जन्मतःच आईच्या मालकाचे. अशा बापाने मरणोत्तर तरतूद करायची म्हणजे नेमके काय करायचे, हा या धाग्याचा विषय आहे.

सुरुवात जवळच्याच उदाहरणाने करतो. 'अँटोनियो, नीग्रो' एवढ्याच नोंदीने १६२१ मध्ये व्हर्जिनियात आणलेला एक माणूस पुढे अँथनी जॉन्सन या नावाने ओळखला जाऊ लागला. १६२२ मध्ये स्थानिक आदिवासींनी वसाहतींवर हल्ला केला, तेव्हा तो होता त्या मळ्यावरील बहुतेक माणसे मारली गेली. वाचलेल्या मोजक्यांत हा होता. त्याच मळ्यावर आणलेल्या मेरी नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीशी त्याने लग्न केले. दोघेही पुढे बंधनातून सुटले आणि पूर्व किनाऱ्यावर जनावरे पाळून व तंबाखू पिकवून त्यांनी संसार उभा केला. समुद्रापलीकडून माणूस आणण्याचा खर्च उचलणाऱ्याला त्या काळी माणशी पन्नास एकर जमीन मिळत असे; पाच माणसांच्या नावावर जॉन्सनला १६५१ मध्ये अडीचशे एकर मिळाली. १६५३ मध्ये त्यांच्या घरादाराला आग लागून मोठे नुकसान झाले, तेव्हा न्यायालयाने मेरीला आणि तिच्या दोन मुलींना आयुष्यभरासाठी करातून सूट दिली. ही सवलत वाटते त्याहून मोठी होती, कारण ती डोईपट्टी गोऱ्या स्त्रियांवर मुळात नव्हतीच. ती कृष्णवर्णीय स्त्रियांवर होती.

१६६५ मध्ये जॉन्सन कुटुंब उत्तरेला मेरीलँडच्या सॉमरसेट परगण्यात आले, म्हणजे आज मी राहतो त्या परिसरात. सोबत चौदा गुरे, एक घोडी आणि अठरा मेंढ्या होत्या. येथे त्यांनी तीनशे एकर भाडेपट्ट्याने घेतली आणि मळ्याला 'टोनीचा द्राक्षमळा' असे नाव दिले. मागे व्हर्जिनियात रिचर्ड या मुलाला त्यांनी पन्नास एकर देऊन ठेवली होती. कोणत्याही बापाने करावी अशीच ही तरतूद होती: हातपाय चालत आहेत तोवरच मुलाचा वाटा वेगळा काढून द्यायचा, म्हणजे मागाहून कज्जा नको.

१६७० च्या वसंत ऋतूत अँथनी वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातील गोऱ्या पंचांनी निवाडा दिला की अँथनी हा 'नीग्रो, आणि म्हणून परकीय' होता; सबब त्याने दिलेली ती पन्नास एकर मुलाकडे राहू शकत नाही. जमीन जॉर्ज पार्कर या गोऱ्या मळेवाल्याच्या हाती गेली. ज्या व्यवस्थेने एकोणीस वर्षांपूर्वी याच माणसाला सनद दिली, त्याच्या बायकोमुलींना करमाफी दिली, त्याचे दावे ऐकले, त्याच व्यवस्थेला तो परका असल्याचा शोध तो वारल्यावर लागला.

आता दुसरी बाजू पाहा. मेरीलँडमधील जमीन मालकीची नव्हती, भाडेपट्ट्याची होती. मेरीने त्या पट्ट्याची नव्याने बोलणी केली आणि तो नव्याण्णव वर्षांचा करून घेतला. मालकीची जमीन गेली आणि पट्ट्याची राहिली. मला या सगळ्यात दिसते ते असे की, या माणसांपुढे मागे किती ठेवायचे हा प्रश्न दुय्यम होता. कोणत्या रूपात ठेवायचे आणि कोणाच्या हाती ठेवायचे, हा खरा प्रश्न होता. जाणकारांनी यावर लिहावे.

निवृत्त_दुय्यम_निबंधक

धागा आवडला. तीस वर्षे दस्त नोंदवण्यात गेली असल्यामुळे एक शंका लगेच आली, ती विचारतो. बायको जर नवऱ्याच्याच मालकीची असेल, म्हणजे त्याने तिला तिच्या आधीच्या मालकाकडून खरेदी केले असेल, तर त्याने दुसऱ्याच दिवशी मुक्तिपत्र करून ते नोंदवून का टाकू नये? मृत्यूपर्यंत थांबण्याचे कारण काय? आमच्या कचेरीत येणाऱ्या माणसाला मी एकच सांगत असे की मृत्युपत्र कधीही बदलता येते आणि कधीही आव्हानित होते. द्यायचेच असेल तर बक्षीसपत्र करा आणि मोकळे व्हा.

खाडीकाठ

निबंधक महोदय, आपली शंका अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे. व्हर्जिनियापुरते उत्तर देतो.

१७८२ च्या कायद्याने तेथे मालकाला खासगी रीतीने गुलाम मुक्त करता येऊ लागले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांची संख्या झपाट्याने वाढली. त्याची धास्ती घेऊन विधिमंडळाने १८०६ मध्ये नवा नियम केला. त्यानंतर मुक्त झालेल्या माणसाने बारा महिन्यांच्या आत राज्य सोडले पाहिजे. न सोडल्यास त्याचे स्वातंत्र्य जप्त आणि गरिबांच्या देखरेखीसाठी नेमलेले अधिकारी त्याला विकू शकतात. म्हणजे आपण म्हणता तसे मुक्तिपत्र नवऱ्याने दुसऱ्या दिवशी नोंदवले, तर त्या क्षणापासून बायकोचे बारा महिने मोजायला सुरुवात. घर, गिऱ्हाईक, चर्च, ओळखीचे सावकार, सगळे येथे. आणि बायकोने मात्र वर्षाच्या आत परमुलखात जायचे. स्वतःचे स्वातंत्र्य १८०६ च्या आधीचे असेल तर नवरा राहू शके, बायको राहू शकत नसे.

म्हणून अनेकांनी बायकोमुलांना खरेदी करून कागदोपत्री स्वतःच्याच नावावर ठेवले. घरात ती बायको होती आणि परगण्याच्या दप्तरात ती मालमत्ता होती. नवरा जिवंत असेपर्यंत हा आडोसा चालत असे. तो गेला की तीन संकटे एकदम उभी राहत. त्याने काहीच लिहून ठेवले नसेल, तर गुलाम स्थितीतील मुलांना वारसाहक्कच नाही. इस्टेट एखाद्या स्वतंत्र भावाकडे, किंवा कोणीच नसेल तर सरकारकडे, आणि त्या इस्टेटीत ती मुलेही आली. त्याने लिहून ठेवले असेल पण कर्ज असेल, तर आधी घेणेकऱ्यांची भरपाई, मग मुक्ती. कर्जाच्या आड मुक्तिपत्र टिकत नसे. आणि लिहून ठेवलेले असून कर्जही नसेल, तर मृत्युपत्र अमलात आल्या दिवसापासून विधवेचे बारा महिने सुरू.

वॉरेंटन गावातील सॅम्युअल जॉन्सन नावाचा खाणावळीतील वाढपी याच फेऱ्यात सापडला होता. (आडनाव तेच, नाते काही नाही.) स्वतःची किंमत मोजून तो सुटला आणि विधिमंडळाने १८१२ मध्ये खास ठराव करून त्याला राज्यात राहू दिले. मग त्याने बायकोमुलांना खरेदी केले आणि त्यांनाही मुक्त होऊन येथेच राहता यावे म्हणून वर्षानुवर्षे अर्ज केले. ज्यांना तो टेबलावर वाढत असे, अशा गावातल्या गोऱ्या प्रतिष्ठितांनी त्याच्या अर्जांवर शिफारशीच्या सह्याही केल्या. विधिमंडळाने ते मंजूर केले नाहीत.

विमेकरी_सातारा

मी आयुर्विम्याच्या धंद्यात असल्याने मला फिलाडेल्फियाचे उदाहरण नेहमी ओढून घेते. वरील चर्चेत एकेकट्या माणसाची तरतूद आली आहे. तेथे माणसांनी मिळून तरतूद केली.

१२ एप्रिल १७८७ रोजी अब्सलोम जोन्स आणि रिचर्ड ॲलन या दोघा मुक्त झालेल्या गृहस्थांनी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' स्थापन केली. तिची नियमावली वाचताना मला आमच्या पहिल्या वर्षीच्या प्रशिक्षणाची आठवण झाली, इतकी ती काटेकोर आहे. प्रत्येक सभासदाने दरमहा एक चांदीची शिलिंग भरायची. एक वर्ष नियमित भरल्यानंतर गरजू सभासदाला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळायचे, मात्र ती गरज त्याच्या स्वतःच्या बेफिकिरीतून उद्भवलेली नसावी. तीन महिने वर्गणी थकली, दोन सभासदांनी जाऊन कळवले आणि तरीही पटण्याजोगे कारण मिळाले नाही, तर नाव कमी. दारुड्याला व बेशिस्त माणसाला प्रवेश नाही. खजिनदार क्वेकर या गोऱ्यांच्या ख्रिस्ती पंथाचा असावा असेही ठरले होते. पैसा ज्याच्याकडे ठेवला त्याला न्यायालयात ऐकून घेतले जाईल, एवढी काळजी त्यामागे असावी असे माझे मत आहे.

आता हिशेब करा. वर्षाची वर्गणी बारा शिलिंग आणि लाभ आठवड्याला पावणेचार शिलिंग, म्हणजे एका सभासदाची वर्षभराची वर्गणी दुसऱ्याच्या सव्वातीन आठवड्यांतच संपते. असा फंड चालायचा तर धडधाकट सभासद पुष्कळ हवेत आणि आजारी थोडे हवेत. म्हणूनच ती दारूची अट आहे, निव्वळ सोवळेपणा नव्हे.

धाग्याशी थेट संबंध असलेले कलम पुढे येते. नियमाने वागलेला सभासद वारला, तर त्याची विधवा जोवर त्याची विधवा म्हणून राहील तोवर तिला सोसायटीचे लाभ मिळतील, आणि तिला वर्गणी भरावी लागणार नाही. मुलांना मोफत शाळेत जागा मिळत नसेल तर त्यांच्या शिक्षणाचा खर्च सोसायटी उचलेल, आणि गरज पडल्यास त्यांना योग्य धंद्यात उमेदवारीला लावून देईल. हे शेवटचे वाक्य मला रोख रकमेपेक्षा मोलाचे वाटते. विधवेच्या हाती एकरकमी पैसे दिले तर ते वर्षभरात संपतात, किंवा कोणी तरी काढून घेतो; मुलगा सुताराकडे किंवा शिडे शिवणाऱ्याकडे लागला तर घर चालते. 'पुनर्विवाह केल्यास लाभ बंद' ही अट मात्र आजच्या कोणत्याही पॉलिसीत खपणार नाही.

अवांतर: त्याच देशात पुढे १८४०-५० च्या दशकांत विमा कंपन्या गुलामांच्याही आयुष्याचा विमा उतरवत होत्या. विमा गुलामाच्या आयुष्याचा आणि रक्कम मालकाला. मेलेल्या माणसाच्या बायकोला त्यातला छदामही नाही.

मंजिरी_प

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण सारे शाळेपासून जाणतो. त्यामुळे आपल्याकडे या विषयाची मांडणी बहुधा मुक्ती देणाऱ्यांच्या बाजूने होते. स्वतःची किंमत स्वतः मोजणारे लोक त्या चित्रात येतच नाहीत, म्हणून हा धागा महत्त्वाचा वाटला.

तरीही एक आक्षेप नोंदवते. धागाकर्त्यांनी अँथनी जॉन्सन यांचे चित्र फार उजळ रंगवले आहे. जॉन केसर नावाचा कृष्णवर्णीय माणूस त्यांच्याकडे होता. 'माझी नोकरीची मुदत केव्हाच संपली' असे म्हणून तो शेजारच्या रॉबर्ट पार्करकडे गेला, आणि जॉन्सन यांनी न्यायालयात जाऊन १६५५ मध्ये त्याला आजन्म गुलाम म्हणून परत मिळवले. व्हर्जिनियात दिवाणी दाव्यात एखाद्याला जन्मभराचा गुलाम ठरवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या निवाड्यांत तो मोडतो. आपण त्यांच्या कुटुंबाची तरतूद मोजत आहोत, तर त्या तरतुदीत केसरचे आयुष्यही धरले गेले होते, हे लिहिले पाहिजे होते.

खाडीकाठ

मंजिरीताई, आक्षेप मान्य आहे, आणि मी तो भाग टाळला हे कबूल करतो. १६६५ मध्ये कुटुंब मेरीलँडला आले तेव्हा केसरही बरोबर आणला गेला होता. चौदा गुरे आणि अठरा मेंढ्या मोजताना मी त्याला मोजले नाही, ते सोयीचे होते म्हणून. ज्या कायद्याच्या जोरावर जॉन्सनने केसरला परत आणले, तोच कायदा पंधरा वर्षांनी त्याच्या मुलाच्या अंगावर आला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेही पूर्ण खरे नाही. रिचर्डची जमीन गेली ती परकेपणाच्या मुद्द्यावर, आणि तो मुद्दा केसरचा दावा झाला नसता तरी उपस्थित झालाच असता.

मालक असलेल्या कृष्णवर्णीयांबद्दल एक वेगळी नोंद हवी, कारण ही गोष्ट बरेच जण चुकीच्या कामासाठी वापरतात. १९२४ मध्ये इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १८३० च्या जनगणनेतून अशा मालकांची यादी काढली, तेव्हा त्यांचे म्हणणे होते की यांतील पुष्कळ जण स्वतःच्याच नातलगांचे नाममात्र मालक होते. पुढच्या अभ्यासकांनी दाखवले की सगळेच तसे नव्हते. दक्षिण कॅरोलायनासारख्या ठिकाणी नफ्यासाठी गुलाम राबवणारे स्वतंत्र कृष्णवर्णीयही होते. जनगणनेच्या तक्त्यात दोघेही एकाच रकान्यात येतात. बायकोला वाचवण्यासाठी तिचा मालक झालेला नवरा आणि मजूर राबवणारा मळेवाला यांच्यात तो तक्ता भेद करत नाही. तो भेद मृत्युपत्रातून कळतो. व्हर्जिनियाच्या विधिमंडळालाही हा फरक कळत होता, कारण १८३२ मध्ये त्यांनी स्वतंत्र कृष्णवर्णीयांना नवरा, बायको आणि मुले वगळता इतर कोणालाही खरेदी करण्यास बंदी केली.

कोकणकडा

न्यू इंग्लंडमधील व्हेंचर स्मिथ यांचे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण त्यांनी स्वतःची हकिकत १७९८ मध्ये लिहवून घेतली आणि तीत प्रत्येक व्यवहाराची किंमत आहे. पश्चिम आफ्रिकेत जन्मलेला ब्रोटीर नावाचा हा मुलगा लहानपणी पकडून आणला गेला. एकाहत्तर पौंड दोन शिलिंग मोजून तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास मुक्त झाला. नंतर लाँग आयलंडवर त्याने लाकडे तोडली, मासे पकडले, कलिंगडे पिकवली. अंगापिंडाने तो दांडगा होता. सहा महिन्यांत किती लाकूड तोडले याचा आकडा तो अभिमानाने सांगतो. दोन मुलगे प्रत्येकी दोनशे डॉलरना घेतले, मग बायको मेग चाळीस पौंडांना, मग मुलगी हॅना चव्वेचाळीस पौंडांना.

मेगच्या वेळी त्याने घाई केली, आणि त्याचे कारण तो स्वतःच सांगतो. ती गरोदर होती. बाळंतपण तिच्या मालकाच्या घरी झाले असते, तर १६६२ च्या त्या व्हर्जिनियन नियमासारखाच नियम येथेही लागू असल्याने मूल मालकाचे झाले असते आणि व्हेंचरला आणखी एक मूल विकत घ्यावे लागले असते. एका माणसाच्या किमतीत त्याने दोन माणसे सोडवली. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. ज्या वेळी इतर घरांत डोहाळजेवणाची तयारी चालते, त्या वेळी हा माणूस दिवस मोजून सौदा उरकत होता.

मुलगा सॉलोमन सतराव्या वर्षी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला आणि स्कर्व्ही या रोगाने वारला. बाप मुलाच्या दुःखाबरोबर त्याच्यासाठी मोजलेल्या पैशाचाही उल्लेख करतो, म्हणून काही वाचक त्याला पैशाचा लोभी म्हणतात. मला ते अन्यायाचे वाटते. ज्याच्या घरात प्रत्येक माणसाची पावती आहे, त्याच्या शोकात आकडा येणारच. व्हेंचर १८०५ मध्ये वारला, तोवर कनेक्टिकटमधील हॅडम नेकला त्याची शंभराहून अधिक एकर जमीन आणि घरे होती, आणि बायको व हयात मुले स्वतंत्र होती. ईस्ट हॅडमच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, शेजारी मेगची.

निवृत्त_दुय्यम_निबंधक

खाडीकाठ यांच्या उत्तराने समाधान झाले. इतके की आमच्या कचेरीत मी दिलेला सल्ला तेथे दिला असता तर त्या माणसाचा संसारच मोडला असता, हे लक्षात आले. आणखी एक विचारतो. लग्नाचा पुरावा ही आमच्याकडील विधवांचीही मोठी अडचण असे. वारसाचा दाखला हवा आणि लग्न तर देवळात झालेले, कागद कुठला? गुलामांच्या लग्नाला तर कायद्याने मान्यताच नव्हती. मग अशा नवऱ्याच्या मागे बायको स्वतःला विधवा म्हणून सिद्ध तरी कशी करत असे?

विमेकरी_सातारा

हा प्रश्न गुलामगिरीवरून झालेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात सरकारपुढेच येऊन ठेपला. १२ एप्रिल १८६४ रोजी टेनेसीमधील फोर्ट पिलो येथे शरण येऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांची फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या फौजेने कत्तल केली. तेथे मारले गेलेले गोरे अधिकारी मेजर बूथ यांची पत्नी मेरी बूथ राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटली आणि तिने स्वतःसाठी नव्हे, तर त्या सैनिकांच्या विधवांसाठी गाऱ्हाणे मांडले: यांच्या लग्नांना कायद्याचा आधार नाही, म्हणून यांना निवृत्तिवेतन मिळणार नाही. लिंकन यांनी १९ मे रोजी सिनेटर चार्ल्स समनर यांना पत्र लिहून हा विचार कळवला, आणि जुलै १८६४ च्या कायद्यात तरतूद झाली की भरतीपूर्वी किमान दोन वर्षे दोघे नवराबायको म्हणून एकत्र राहत होते आणि एकमेकांना तसे मानत होते एवढे दाखवले, तर लग्नाचा वेगळा पुरावा नको.

त्यामुळे निबंधक महोदयांचा 'कागद कुठला' हा प्रश्न तेथे वेगळ्या रीतीने सुटला. विधवेच्या बाजूने शेजारीपाजारी, सुईणी, त्याच मळ्यावर पूर्वी राबलेले लोक शपथेवर सांगू लागले की यांचे लग्न अमुक सुगीनंतर झाले, मी जेवायला होतो, पहिले मूल माझ्या हातावर जन्मले. ही निवेदने आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्यात मी एवढी भर घालीन की तेथे नवऱ्याने मागे ठेवलेल्या गोष्टींत साक्षीदारही होते.

मंजिरी_प

शेवटी एक साधी विचारणा. रिचर्डची जमीन गेली, मेरीने पट्टा वाढवून घेतला, इथवर कळले. पण मेरीच्या पश्चात नातवंडांना काय मिळाले? विधवेला सांभाळले म्हणून कुटुंब सांभाळले गेले असे होत नाही.

खाडीकाठ

मंजिरीताई, हे लिहायचे राहिलेच होते, आणि मला स्वतःला सर्वांत आवडलेला तपशील तोच आहे.

काही वर्षांपूर्वी मी गाडीने दक्षिणेला ईस्टव्हिल येथे गेलो होतो. नॉर्थॅम्प्टन परगण्याच्या न्यायालयाचे ते गाव, आणि १६३२ पासूनचे सलग दप्तर तेथे जपून ठेवलेले आहे. सतराव्या शतकातील या किनाऱ्यावरच्या नोंदींत जमिनीइतकीच, किंबहुना जास्त, जनावरांची चर्चा आहे. कुंपण पिकाला घालत आणि गुरे रानात मोकळी सोडत. मग कोणाची गाय कोणती हे ओळखण्यासाठी कानाला विशिष्ट आकाराची खाच पाडत: उजव्या कानाचे टोक छाटलेले, डाव्याला खालून काप, अशी काही जोडणी, आणि ती खूण मालकाच्या नावावर परगण्याच्या वहीत नोंदवत. वासराला आईच्या कानाची खूण मिळे. शेजारच्या गोऱ्या मळेवाल्याची गाय आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयाची गाय एकाच रानात चरत, आणि वाद झाल्यास वही उघडून कान पाहिला जाई.

याच किनाऱ्यावरचा इमॅन्युएल ड्रिगस हा कृष्णवर्णीय गृहस्थही आपल्या मुलींना जनावरे देत असे आणि ते दान न्यायालयात नोंदवून ठेवत असे. जमिनीपेक्षा जनावर बरे, कारण परगणा सोडायची वेळ आली तर ते पायी बरोबर येते, आणि दर वेताला भांडवल वाढते. लहान मुलाच्या नावे एक कालवड करून दिली, तर ते कर्ते होईपर्यंत दावणीला पाच-सात जनावरे सहज होतात. तरीही ही वाट सर्वांना खुली राहिली नाही. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्याने गुलामांच्या ताब्यातील गुरे, घोडे, डुकरे जप्त करून विकावीत आणि पैसा चर्चच्या हद्दीतील गरिबांना वाटावा असे ठरवले. म्हणजे गुरे पोसून त्यांच्या पैशावर स्वतःला सोडवून घेण्याची सोय गेली.

मेरीने मात्र त्याआधी आपली व्यवस्था लावली होती. १६७२ मध्ये, नवऱ्यामागे दोन वर्षांनी, तिने तिघा नातवांना प्रत्येकी एक सवत्स गाय दिली, आणि त्या गायीची पुढची सगळी पैदासही त्याच नातवाची असे लिहून ठेवले. जॉन या नातवाने १६७७ मध्ये चव्वेचाळीस एकर जमीन घेतली आणि तिचे नाव 'अंगोला' ठेवले.

मी राहतो तेथे आज त्या शेतांवर सोयाबीन, मका आणि कोंबड्यांच्या लांबच लांब शेड आहेत. गाय क्वचितच दिसते.